घरचं कथील

बाजारातल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हा पुष्पलताचा पहिल्यापासूनचा खाक्या. दूधवाला पाणी घालतो, मसालेवाला भुसा घालतो, आणि सोनाराचं तर नावच काढू नका. नवघरात तिच्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती, थोडं मिठागर होतं. आता त्या जागेवर सात मजली बिल्डिंग उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर पुष्पलता राहते, नवरा परशुराम, मुलगा निकेत आणि सून सलोनी यांच्याबरोबर. लिफ्टनं जाते-येते, पण डोळा गावातल्या आजेसासूचाच. भाजीवाल्यानं तराजू धरला की हिची मान आपोआप वाकडी होते.

म्हणून दिवाळीनंतर खाली कल्हईवाला आला, तेव्हा जे घडलं ते घडायचंच होतं.

सलोनीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आदल्या वर्षी एकदा राहून टिकलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं आणि पोर महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तेव्हापासून घरात मोठ्यानं कुणी हसतसुद्धा नव्हतं. यावेळी पुष्पलतानं ठरवलं, सुनेचं जेवण वेगळं, आपल्या हातचं, आणि आपल्या सासूच्या पितळी टोपातलं. सासूबाईंनी, मनोरमाबाईंनी, निकेतच्या वेळेला तिला त्याच टोपातलं खाऊ घातलं होतं. टोप माळ्यावर पडून होता, आतून पिवळाधम्मक झालेला. आता पितळेत चिंच-कोकम शिजवायचं तर आतून कल्हई हवी, नाहीतर जेवण कळकतं, हिरवट होतं, माणूस ओकून ओकून हैराण होतो. हे पुष्पलताला कुणी शिकवायला नको होतं.

"तेरा कथील नको हां," तिनं कल्हईवाल्याला खाली उतरल्या उतरल्या बजावलं. "मैं देती हूँ घर का."

"माताजी, मेरा माल एकदम असली है."

"असली है तो तेरे घर में रख."

कथील म्हणून ही मंडळी हल्ली काहीबाही लावतात, स्वस्तातलं शिसं मिसळतात, हे तिनं ऐकलं होतं. ऐकलं होतं ते खरंच होतं, तेच तर दुखणं आहे. तिनं वर जाऊन सासूच्या पत्र्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेली एक राखाडी कांडी आणली. मनोरमाबाई कथिलाची कांडी त्याच डब्यात ठेवायच्या. कल्हईवाल्यानं भट्टी पेटवली, टोप तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. त्यानं कांडी आत टेकवली, कापसाच्या बोळ्यानं फिरवली, आणि कपाळाला आठी घातली.

"माताजी, ये पकड़ नहीं रहा. गोली बनके भाग रहा है."

"तेरी भट्टी ठंडी है. हवा मार."

"थोड़ा अपना मिलाऊँ क्या?"

यावर पुष्पलतानं त्याला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यानं आपल्याकडचं थोडं घातलंच, तेव्हा कुठे कल्हई बसली. टोप आरशासारखा चमकायला लागला. ती डोक्यावर विजय घेऊन वर आली. "मिसळलंनच थोडं मेल्यानं," ती परशुरामला म्हणाली, "पन बाकी सगलं आपल्या घरचं हाय."

त्या दिवसापासून रोज दुपारी सलोनीची वाटी. कधी चिंचेची आमटी, कधी कोकमाचं सार, कधी टोमॅटोचं आंबट वरण. त्या टोपातलं फक्त सुनेला. बाकीच्यांचं स्टीलमध्ये. वाटी सलोनीच्या टेबलावर ठेवायची, "गरम गरम घे गो," म्हणायचं, आणि स्वतः जाऊन पडायचं. सलोनी घरूनच काम करायची, कानाला हेडफोन लावून. उठल्यावर वाटी रिकामी, चाटूनपुसून. पुष्पलताला धन्य धन्य वाटायचं.

सातवा महिना लागला आणि एका सकाळी परशुरामला पाग आठवला.

पाग म्हणजे फेकायचं जाळं. याच्या घेराला खाली शिशाच्या गोळ्या असतात, त्या वजनानं जाळं पाण्यात बुडतं. परशुराम रिटायर झाल्यापासून पुतण्यांना म्हणत होता, एकदा खाडीवर नेऊन दाखवतो पाग कसा टाकतात. हॉलमध्ये जाळं पसरून बसला तर निम्म्या गोळ्या गळून गेलेल्या. मोलकरीण सुलू मोरीत नळ सोडून भांडी घासत होती. तिची तीन वर्षांची सान्वी एरवी जाळ्यात शिरून धुमाकूळ घालायची, आज भिंतीला टेकून बसली होती. गॅसवर टोपात आमटी उकळत होती, चिंचेचा वास घरभर.

"पुष्पे, माजी शिशाची कांडी कुटं गेली?"

"मना काय म्हाइत?"

"आईच्या डब्यात ठेवलेली. घर पाडायच्या टायमाला मीच ठेवली. जुन्या गोल्या वितलवून केलेली कांडी. ही एकच हाय इथं."

"मग तीच असंल."

"ही न्हाय. ही कथिलाची. हातात घे ना, हलकी लागते." परशुराम डब्यातली कांडी घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई आमाला लहानपनी कानाशी धरून वाकवून दाखवायची. ऐक." त्यानं कांडी तिच्या कानाजवळ नेली आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवली. आत काहीतरी करकरलं. बारीक, कोरडं, दाताखाली खडा यावा तसं. "कथील असं रडतं. शिसं मुकाट वाकतं. मग शिसं कुटं गेलं?"

पुष्पलताच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अवो," ती म्हणाली, "ती दुसरी कांडी... कशी होती?"

"अशीच. जरा जड. रंगानं काली."

तिनं गॅस बंद केला. परशुरामला अजून काही कळलं नव्हतं. तो आपला सांगतच होता, शिसं ओळखायला सोपं, सुरीनं लोण्यासारखं कापतं, कापल्या कापल्या चांदीसारखं चमकतं आणि बघता बघता काळवंडतं, कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. जाळ्यातली एक गोळी काढून त्यानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढून दाखवलीसुद्धा. करडी रेघ उमटली.

पुष्पलतानं आमटी दुसऱ्या भांड्यात ओतली. टोप धुतला, पुसला, आणि निकेतच्या प्रिंटरमधला एक पांढरा कागद घेऊन त्याची घडी टोपाच्या आतून जोर लावून घासली.

कागदावर करडा पट्टा उमटला. फिका होता, पण होता.

तिनं तो कागद परशुरामपुढे धरला. आता परशुरामच्याही डोक्यात प्रकाश पडला. तो टोपाकडे बघायला लागला, मग बायकोकडे, मग आतल्या बंद दाराकडे, जिथं सलोनी कुणाशी तरी इंग्रजीत मीटिंग करत होती.

"तू... कल्हईवाल्याला..."

"हलू बोला."

"एवढं काय न्हाय त्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "आमी पोरं होतो तवा गोल्या दातांनी दाबून जाल्याला बसवायचो. काय झालं आमाला?"

"म्हनूनच तुमचं डोकं असं चालतं," पुष्पलता म्हणाली. एरवी यावर दोघं हसली असती.

तिनं मोबाईल घेतला, गॅलरीत जाऊन दार लावलं आणि त्या माइकमध्ये बोलून विचारलं, पोटुशी बाईच्या पोटात शिसं गेलं तर काय होतं. मोबाईल वाचून दाखवायला लागला. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. वजन कमी. मेंदू... तिनं मोबाईल बंद केला. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता, आणि तिला उगाचच वाटलं की तो आपल्यालाच ओरडतोय.

आंबट! रोज आंबट! गोड नाही, तिखट नाही, वेचून वेचून आंबट घातलं पोरीच्या पुढ्यात. एखाद्या वैरिणीला इतकं नेमकं सुचलं नसतं.

ती आत आली तर सुलू हात पुसत विचारत होती, "काकी, आमटी मोरीत का ओतली काकांनी?"

"खारट झाली," पुष्पलता म्हणाली. "तू जा आता. बाकीचं मी करते."

सुलूनं सान्वीला कडेवर घेतलं आणि गेली. पुष्पलता देवासमोर जाऊन बसली, पण हात जोडवेनात. काय मागायचं? सांगितलं तर पोर भीतीनं अर्धी होईल, आणि सातव्या महिन्यात भीती चांगली नाही. नाही सांगितलं तर डॉक्टर तपासणार कसं? नवीन टोप आणावा, गप्प बसावं, आपणच आपलं झुरावं, असंही एकदा मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला बोला. मग तिला तो भिंतीकडे तोंड केलेला महिना आठवला आणि ती ताडकन उठली.

सलोनीनं हेडफोन काढले. "आई, आज वाटी नाही?"

पुष्पलता पलंगाच्या कडेवर बसली आणि एका दमात सगळं सांगितलं. कांडी, कल्हईवाला, कागद. "मी केलं गो हे. माज्या हातानं केलं. तू मना काय पन बोल, पन आत्ता उठ, आपन डॉक्टरकडं जाऊ."

सलोनीचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात पोटावर गेला. मग हळूहळू तिच्या तोंडावर काहीतरी वेगळंच आलं, शाळेत कॉपी पकडल्यासारखं.

"आई, रागावू नका," ती म्हणाली. "मी ते खात नव्हते."

"काय?"

"पहिले थोडे दिवस खाल्लं. मग मला आंबट खाल्लं की इतकी जळजळ व्हायला लागली ना, की बास. तुम्ही एवढं मनापासून करायचात, कसं सांगणार? कधीतरी चमचाभर घ्यायचे, बस."

पुष्पलतानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडली, हसली, सलोनीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. देवा रे देवा, सुटले! मरूदे ती आमटी, मरूदे माझी मेहनत, वाचली पोर! जरा वेळानं, जीव भांड्यात पडल्यावर, तिला थोडंसं लागलंही. इतके महिने आपण झोपायचो, आणि ही...

"मग काय, बेसिनमध्ये वतायचीस?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"छे, अन्न कसं टाकणार?" सलोनी म्हणाली. "दुपारी भांड्यांना येतात ना, त्या सुलूताईला द्यायचे. त्या म्हणाल्या, सान्वीला भाताबरोबर खूप..."

आणि तिथंच थांबली.

सान्वीचं पोट दुखतं म्हणून सुलू गेला महिनाभर कुरकुर करत होती. पोरीला शौचाला होत नाही, जेवत नाही, सारखी रडते, पूर्वीसारखी बोलत नाही. कुणीतरी नजर लावली असं तिचं म्हणणं होतं, आणि पुष्पलतानंच दोनदा मीठ-मोहरी ओवाळून पोरीची दृष्ट काढली होती. एकदा तर दृष्ट काढून झाल्यावर म्हणाली होती, लागलेली दिसते गो नजर, बघ कसा वास आला.

निकेत निरोप मिळाल्या मिळाल्या ऑफिसातून निघून आला. आधी सलोनीचं रक्त लॅबमध्ये द्यायला लावलं, मग हॉलमध्ये येऊन बसला.

"सुलूला एवढं डिटेलमध्ये कशाला सांगायचं?" तो म्हणाला. "आपण सान्वीला चेकअपला नेऊ. म्हणू, पोट दुखतंय ना, चल, आम्ही खर्च करतो. टेस्टमध्ये निघालं तर डॉक्टर औषध देतील. झालं ना?"

"आनि कशानं झालं म्हनून इचारलं तर?"

"पाण्यानं, रंगानं, कशानंही होतं. आई, समजून घे. तिचा नवरा तापट आहे. उद्या इथं खाली येऊन तमाशा केला तर? सलोनीची ही कंडिशन."

परशुराम जाळं गुंडाळत होता, आणि गुंता वाढतच चालला होता. सलोनी म्हणाली, "दिलं ते मी. मी येते तुमच्याबरोबर."

"तू कुटं जायची न्हाय," पुष्पलता म्हणाली, आणि चपला घातल्या.

निकेतचं म्हणणं तिला पटलं होतं, हे सांगितलं पाहिजे. बिल्डिंगमधून उतरून मागच्या चाळीपर्यंत जाईपर्यंत ती तेच घोकत होती. चल गो, पोरीला दाखवून आणू, आमच्या ओळखीचा डॉक्टर हाय. सोपं वाक्य होतं. गटारावरची फरशी ओलांडताना तर तिला अगदी बरं वाटायला लागलं, की आपण चांगलंच काम करायला निघालोय.

सुलू दारातच तांदूळ निवडत होती. काकी दारात आलेली बघून गडबडली, पाट पुढे केला. सान्वी आत गोधडीवर आडवी होती.

"काकी, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना. मी काही विसरले का?" आणि मग, उत्तराची वाट न बघता, "बरं झालं आलात. मला सांगायचंच होतं, वहिनी नको म्हणतात म्हणून गप्प होते. तुमच्या हातची आमटी रोज पोरीला मिळते. आजारी असली तरी तेवढं खाते हो. दुसरं कायच खात नाही. तिच्या बापाला पण सांगते मी, कोण देतं का असं आपल्या पोराला?"

पुष्पलतानं घोकलेलं वाक्य सोडून दिलं.

"सुलू," ती म्हणाली, "त्या आमटीनंच पोर आजारी हाय."

सुलू हसली. काकी थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग पुष्पलतानं सगळं सांगितलं, सुनेला सांगितलं तसंच, पण इथं एका दमात झालं नाही, मध्ये मध्ये थांबावं लागलं. मुद्दाम दिलं नाही हे तिनं एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची लाज वाटली.

सुलू ओरडली नाही. सुपातले तांदूळ बाजूला ठेवले, आत गेली, पोरीला उचललं, तिच्या पायात चपला घालायला लागली. एक चप्पल उलट्या पायात जात होती. पुष्पलता मदतीला वाकली तशी सुलूनं तिचा हात बाजूला केला, हळूच, पण केला.

"कुठला डॉक्टर?" तिनं विचारलं.

रक्त काढताना सान्वी किंचाळली. रक्त दुसऱ्या लॅबला जाणार होतं, रिपोर्टला वेळ लागणार होता. ते दिवस पुष्पलतानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. परशुरामनं टोप भंगारवाल्याला द्यायचा म्हटलं, तर ती अंगावर धावून गेली. म्हणाली, कुणीतरी परत त्यात वरण शिजवील. गच्चीवर नेऊन त्यानं हातोड्यानं तो चेपवला, तळाला भोकं पाडली. सासूचा टोप होता, पण त्या आवाजानं पुष्पलताला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तिचे कान फोनकडे होते. फोन वाजला की धावत जायची, आणि निघायचा कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा आवाज.

सलोनीचा रिपोर्ट आधी आला. ठीक होता. घरात कुणी पेढा आणायचं नावसुद्धा काढलं नाही.

सान्वीच्या रिपोर्टला डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. सुलूचा नवरा उत्तम कामावरून तसाच आला होता, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातली पॉलिशची काळी धूळ मानेवर. तो पुष्पलताकडे बघत नव्हता.

"जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "भांडं बंद केलंत ते बरं केलंत. आता हळूहळू उतरेल. लोह देतो, कॅल्शियम देतो, दूध-अंडी द्या. दोन महिन्यांनी परत रक्त काढू."

"डोक्यावर काय परिणाम..." सुलूनं विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येणार. वाढताना लक्ष ठेवायचं. बोलणं, शिकणं, सगळं बघत राहायचं."

उत्तम उठून बाहेर गेला. पुष्पलताला वाटत होतं, यानं शिव्या द्याव्यात, चारचौघांत तमाशा करावा. निकेत ज्याला घाबरत होता तेच तिला हवंसं वाटायला लागलं होतं. पण त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा थांबवली. रिक्षात बसताना सुलू एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, काकी. नाहीतर आम्ही नजरच काढत बसलो असतो." त्यात आभार होते की आणखी काही, हे पुष्पलताला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

आठवड्यानं सुलू कामावर परत आली. येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण काम सोडून जाणार कुठं, आणि औषधं कशातून आणणार? पुष्पलतानं औषधांचं आम्ही बघतो म्हटलं, त्यावर सुलूनं मान हलवली. हो म्हणाली की नको म्हणाली, तेही नीट समजलं नाही. सान्वी बरोबर होती. जरा तरतरीत वाटत होती, निदान पुष्पलताला तसं वाटून घ्यायचं होतं.

सवयीनं तिनं बरणी उघडून बिस्कीट पुढे केलं. सान्वीनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवून आईकडे बघितलं.

"नको काकी," सुलू सिंकवरून म्हणाली. "तिचं घरून आणलंय." पिशवीतून एक डबी काढून तिनं पोरीच्या पुढ्यात ठेवली.

पुष्पलतानं बिस्कीट बरणीत ठेवलं. रागावण्यासारखं यात काही नव्हतं. सुलूच्या जागी ती स्वतः असती तर या घरचं पाणीसुद्धा पोरीला पाजलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवघर रोडवरून केळ्यांचा घड आणला. घासाघीस केली नाही, मागितले तेवढे दिले. घड तसाच, न तोडता, सुलूसमोर ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. "मी हात लावला न्हाय," म्हणाली. "तूच सोल."

सुलूनं हात कोरडे केले. घड फिरवून बघितला. मधलं एक केळं तोडलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, सोललं. आधी एक घास स्वतः खाल्ला आणि जरा थांबली. मग सुलूनं उरलेलं केळं पोरीच्या हातात दिलं.